श्रावण सुटतो तेव्हाच धरणाची दारं उघडतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात आतल्या पानावर आपण एक रंगीत फोटो छापला होता. खाली ओळ होती, 'कन्हानच्या पात्रात निवांत क्षण'. दोन फुगवलेल्या लांबट नळ्या, त्यांच्यावर लोखंडी सांगाडा, सांगाड्यावर खुर्ची, खुर्चीत एक तरुण आणि त्याच्या हातात मासे धरायचा रॉड. फोटो सुरेख आहे. सकाळचं कोवळं ऊन, मागे बाभळी. पण मी चष्मा लावून तो पुन्हा पाहिला. लाइफ जॅकेट होतं, पण पोराच्या अंगात नव्हतं. बुडाखाली होतं, उशी म्हणून.

त्या पोराला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मी त्याच खुर्चीत होतो. वयानं त्याच्याहून चाळीस वर्षं मोठा, अकलेनं तेवढाच. माझंही जॅकेट बुडाखाली असायचं, कारण सीट टोचायची आणि जॅकेट अंगात घातलं की भिजलेल्या गोधडीत गुंडाळल्यासारखं व्हायचं. नागपूरच्या भादव्यातला उकाडा नागपूरकराला सांगायला नको. माझी हरकत 'निवांत' या शब्दाला आहे. नीट पाहिलं तर नळ्यांच्या टोकांशी पाणी फुटून पांढरी मिशी निघालेली दिसते. म्हणजे पाणी वाहतं आहे आणि बोट मात्र जागेवर उभी आहे. वाहत्या पाण्यात बोट जागेवर उभी दिसली की समजावं, ती कशाला तरी बांधलेली आहे. मला जे सांगायचं आहे ते या बांधण्याबद्दल.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालो. निवृत्तीला मुलानं ही बोट पाठवली, पोंटून म्हणतात हिला. दोन खोक्यांत आली. सोबतच्या पुस्तिकेत हवा कशी भरायची याची चित्रं होती, वाहत्या पाण्याबद्दल एक ओळ होती आणि ती मी वाचली नाही. पहिले दोन महिने सराव मित्राच्या शेततळ्यात केला. शेततळ्यात ही बोट गाईसारखी गरीब असते. नांगर टाकावा, मागे रेलावं, डबा उघडावा. तिथे मी जे शिकलो ते सगळं नदीवर चुकीचं निघालं.

आमच्या घरी श्रावण पाळतात. महिनाभर मासा नाही, अंडंही नाही. मग पोळा येतो, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, महाल भागातून काळ्या-पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत गावातली इडापिडा बाहेर काढतात आणि त्यानंतरचा पहिला रविवार उजाडतो. त्या रविवारी आमच्यासारख्यांचे हात इतके शिवशिवतात की चहा घ्यायलाही थांबवत नाही. आणि नेमका हाच काळ धरणं काठोकाठ भरण्याचा. पेंच आणि कन्हान दोन्ही छिंदवाड्याकडून येतात. पेंचवर तोतलाडोह धरण आहे, त्याच्या खाली नवेगाव खैरी. मग बीना संगमाजवळ पेंच कन्हानला मिळते आणि ते सगळं पाणी कामठीवरून खाली माथनी-मौद्याकडे जातं. पाऊस सातपुड्यात पडतो. माथनीला आभाळ निरभ्र असतं आणि नदी वाढत असते.

त्या रविवारी मी माथनीच्या पुलाच्या वरच्या अंगाला सकाळी सातला बोट पाण्यात घातली. नांगर मी स्वतः केला होता, सळईचे चार आकडे वाकवून, वेल्ड मारून. तो घरच्यांना दाखवला होता, शेजाऱ्यांनाही दाखवला होता. त्याचा दोर मी उजव्या हाताच्या बाजूच्या पाइपला बांधला, कारण हात तिथे सहज पोचत होता. बांधला तो निरगाठीनं. फिटरच्या बोटांना ढिली गाठ आवडत नाही. नांगर तळाच्या खडकात असा बसला की मीच स्वतःला शाबासकी दिली. गळाला लावायला कणकेत ढेप, म्हणजे पेंड, मळून गोळे केले होते. तासाभरात रोहूची दोन पिल्लं लागली, ती सोडून दिली.

नऊच्या सुमारास मासा एकदम खायचा थांबला. मला वाटलं, ऊन चढलं. पाणी मघापेक्षा चहासारखं झालं होतं, वरून फेसाचे गोळे आणि पळसाची पानं येत होती. हे सगळं मी पाहिलं, पण माझं चित्त गळावर होतं. मग दोर गुणगुणायला लागला. खरोखर आवाज यायला लागला, तंबोऱ्याची तार लावताना येतो तसा. बोट आडवी फिरली आणि वरच्या बाजूची नळी पाण्याखाली जायला लागली. आधी घोट्यापर्यंत पाणी, मग पोटरीपर्यंत. मी दोर ओढून नांगर उचलायला गेलो. मी जितका जोर लावला तितकी ती नळी आणखी खाली गेली. गाठ ओली झाली होती, सुटेना. सुरी मागच्या पिशवीत, पिशवीची चेन लावलेली.

काठावर एक ढिवर काका जाळं झटकत होते. तिथून ते ओरडले, "दोर काटा मास्तर, दोर! डोंग्याले जाऊ द्या!"

जाऊ द्या, हेच मला सुचत नव्हतं. दोन तास मी त्या बोटीला थांबवून धरण्यातच हुशारी मानली होती. शेवटी रॉड टाकला, दातांनी चेन ओढली, सुरी काढली आणि दोर कापला. बोट उसळली, दोन गिरक्या घेतल्या आणि खालच्या वळणावर वाकलेल्या बाभळीत जाऊन घुसली. चष्मा गेला, टोपी गेली. काकांनी काठाकाठानं पळत येऊन बांबू पुढे केला, तो मी धरला. जॅकेट माझ्या आधीच पुलाखालून निघून गेलं होतं.

संध्याकाळी कळलं की वरच्या धरणाची दारं उघडली होती. नदीकाठच्या गावांत सांगितलं गेलं होतं. काकांना ते आदल्या रात्रीच माहीत होतं, म्हणून तर ते काठावर बसले होते. मानेवाड्यातून मोटारीत बोट टाकून येणाऱ्याला कोण सांगणार?

पुलाजवळच्या टपरीवर चहा पिताना ते मला म्हणाले, "डोंगा पाण्यासंगं जाते तवा नाही बुडत. तुमी त्याले आडवा बांधून ठेवला. नदीले आडवं उभं राहाले बैल तरी राहते का?" मी इतकी वर्षं वर्गात बल आणि दाब शिकवले, पण हे इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. माझ्या भाषेत सांगायचं तर पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. सकाळी सातला जी बोट नांगराला शांत लटकून होती, तिच्यावर नऊला चौपट ओढ असू शकते आणि वर बसलेल्याला पाणी फक्त 'जरा वाढल्यासारखं' वाटतं. दोर कडेला बांधलेला असेल तर बोट आडवी फिरते, वरच्या बाजूची नळी अख्खी धारेसमोर येते, पाणी तिच्यावर चढतं आणि तिला खाली दाबतं. हवा कितीही घट्ट भरलेली असो. त्यात दोर आखूड असला तर नांगर बोटीला आणखी खाली ओढतो.

आता मी वाहत्या पाण्यात नांगर टाकतच नाही. सांगाड्यावरची त्याची कप्पीसुद्धा काढून टाकली. एखाद्या संथ डोहात टाकलाच तर मागच्या टोकाच्या मध्यावर, सुरगाठीनं, एका झटक्यात सुटेल असा. आणि सुरी छातीशी, म्यानात. गळ टाकायचा असेल तर वल्ही मारत एखाद्या खडकाच्या आडोशाला जातो, जिथे पाणी उलटं फिरून मंद होतं, किंवा सरळ काठाला लागतो. मासाही तिथेच असतो. धारेत उभं राहून दमायला तो मूर्ख नाही.

वल्ह्यांचंही मला उलटं शिकावं लागलं. या बोटीत आपलं तोंड वाहत्या दिशेला असतं. समोर झाड किंवा खडक दिसला की मन म्हणतं, जोरात पुढे वल्हवून बाजूनं निघून जा. तसं केलं की पाण्याचा वेग आणि आपला वेग मिळून आपण त्याच्यावरच जातो. ज्याला टाळायचं त्याच्याकडे बोटीचं तोंड तिरकं धरायचं आणि वल्ही मागे ओढायची. बोट त्याच्यापासून लांब, आडवी सरकत जाते. हे हातात बसायला मला पूर्ण एक हिवाळा लागला. ऑक्टोबर सरता नदी उतरलेली असते, तेव्हा गुडघाभर पाण्यात दिवसभर हेच केलं. काठावरची पोरं हसत होती.

बाभळीबद्दल वेगळं सांगायला हवं. काठ खचला की ती नदीत वाकते आणि तिच्या फांद्या पाण्यात चाळणीसारख्या पसरतात. पाणी आरपार जातं, माणूस अडकतो आणि मागचं पाणी त्याला दाबत राहतं. मी अडकलो तेव्हा फांद्या वर होत्या आणि काका जवळ होते. फांद्या पाण्याखाली असत्या तर हे पत्र आलं नसतं. बंधाऱ्याचं त्याहून वाईट. वरून येताना तो दिसतच नाही, पाणी एका सरळ रेषेत संपल्यासारखं वाटतं, एवढंच. खाली पडलेलं पाणी पायथ्याशी माघारी फिरतं आणि बोट, ओंडका, माणूस, जे पडेल त्याला तिथेच घोळवत ठेवतं. तिथे जॅकेटवरही भरवसा नाही. बंधारा आहे हे माहीत असलेल्या पट्ट्यात मी उतरतच नाही.

कन्हानची आणखी एक खास देणगी म्हणजे रेतीचे खड्डे. उपसा करणाऱ्यांनी पात्र जागोजागी पोखरून ठेवलं आहे. काल घोटाभर पाणी होतं तिथे आज पुरुषभर असतं. काठावरून बोट ओढत चालताना हातात काठी घेऊन पुढचं पाणी टोचत जावं लागतं.

आणि जाळी. ढिवर लोकांची जाळी पात्रात आडवी लावलेली असतात, वर थर्माकोलचे तुकडे तरंगतात. ते दिसले की बाजूला व्हायचं. वल्हं त्यात गुंतलं तर आपण अडकतो आणि त्यांचं जाळं फाटतं. ते त्यांचं पोट आहे, आपली हौस आहे. तलाव-जलाशय बहुतेक त्यांच्या सहकारी संस्थांच्या ठेक्यावर असतात, तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये, आणि तोतलाडोह तर व्याघ्र प्रकल्पात आहे, त्याचा विचारही करू नये.

बोटीच्या हवेबद्दल कोणी बोलत नाही. सकाळी टणक भरलेली नळी दुपारी तापलेल्या रेतीवर ओढून ठेवली की आतली हवा फुगते आणि शिवण उसवू शकते. उलट उन्हात भरून गार पाण्यात घातली की अर्ध्या तासात ती मऊ पडते, सांगाडा डुलायला लागतो. बोट काठावर काढली की मी थोडी हवा सोडतो, पाण्यात घातल्यावर पुन्हा पंप मारतो. पंप नेहमी बोटीवरच असतो. सायकल चालवलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं.

आता जॅकेट. अंगात घालून सगळे पट्टे आवळायचे आणि मग दुसऱ्याला सांगायचं, खांद्याला धरून वर ओढ. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे आणि पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. पाण्यात पडलोच तर रॉडचा मोह सोडायचा, पाठीवर तरंगायचं, पाय वाहत्या दिशेला आणि वर. उभं राहायला जायचं नाही. जोराच्या धारेत पाय खडकाच्या फटीत अडकला तर कमरेएवढं पाणीही माणसाला तोंडावर पाडून तसंच धरून ठेवतं. कमरेएवढं म्हटलं की लोक हसतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपल्या अंबाझरी तलावाचं पाणी वस्तीत शिरलं, गल्ल्यांतून रबरी बोटी फिरल्या. त्या दिवशी जे घराबाहेर पडले ते हसत नाहीत.

माझ्या ओळखीतले एकजण म्हणाले, ते ढिवर तर ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे मारतात, त्यांना कुठे जॅकेट असतं? खरं आहे, नसतं. त्यांच्याकडे ते असावं असं मला वाटतं आणि त्यासाठी संस्थांना मदत मिळावी असंही वाटतं. पण त्यांचं पाहून आपण जॅकेट काढणं म्हणजे सुताराचं पाहून आपण डोळे मिटून करवत चालवणं. काका मला दाखवत होते: काठाला रेतीत काडी रोवायची, पाण्याच्या बरोबर कडेला. चहा पिऊन होईपर्यंत काडी पाण्यात गेली तर त्या दिवशी घरी. मी आता पाण्यात उतरण्याआधी काडी रोवतो आणि अर्धा तास बसतो. पोरं पुन्हा हसतात.

१४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. ती मासेमारी नव्हती, बोटही वेगळी होती. पण त्या वर्षी पोळा ६ सप्टेंबरला होता, हे माझ्या डोक्यातून जात नाही. भरलेल्या नद्यांचा आणि माणसं नदीवर जाण्याचा काळ आपल्याकडे एकच आहे.

म्हणून आपल्याला एक विनंती. धरणाची दारं उघडली की आपण बातमी देता, 'इतके क्युसेक विसर्ग' किंवा 'इतके घनमीटर'. वाचणाऱ्याला यातून काही कळत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, कार्यालयात येतो त्या २० लिटरच्या कॅनचे जवळपास दीड. एक घनमीटर म्हणजे सेकंदाला पन्नास कॅन, वजनानं एक टन. शंभर घनमीटर म्हटलं की पाच हजार कॅन, दर सेकंदाला. असं एकदा चौकटीत छापा. आणि त्याहून गरजेचं म्हणजे दारं किती वाजता उघडली, पुढे विसर्ग वाढणार की कमी होणार, आणि ते पाणी कामठीला किती वाजता, माथनीला किती वाजता पोचेल, हे पाटबंधारे विभागाला विचारून द्या. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत शनिवारच्या अंकात रोज लागणाऱ्या सोन्या-चांदीच्या भावाशेजारी दोन ओळी दिल्या तरी चालतील. रविवारी सकाळी बोट मोटारीवर बांधणारा माणूस शनिवारचा पेपर वाचतो.

आणि तो फोटोतला मुलगा आपल्या छायाचित्रकाराच्या ओळखीचा असेल तर त्याला एवढं विचारा, दोर कुठल्या पाइपला बांधला होता? फोटोत ती बाजू खुर्चीच्या आड गेली आहे.

आपला,
एक निवृत्त आयटीआय शिक्षक, मानेवाडा, नागपूर

ता. क. : नाव छापू नये. मुलाला मी फक्त चष्मा हरवल्याचं सांगितलं आहे.